एका कोयत्याला एकच नाव

कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. श्रीगोंदा तालुक्यात कारखाना काही एकच नाही, ज्याला ओळखायचा तो ओळखेल. साल मात्र सांगते: १९९८-९९चा गळीत हंगाम. मी तिथं शेतकी खात्यात कॉम्प्युटर ऑपरेटर होते, हंगामी. हंगामी म्हणजे काय, तर चूक झाली की ती माझी आणि काम झालं की ते साहेबांचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर कारखान्यानं पुण्याच्या एका कंपनीकडून बारा हातयंत्रं घेतली. चष्म्याच्या घरापेक्षा जराशी मोठी. झाकण उघडलं की वरच्या अर्ध्यात पडदा, खालच्या अर्ध्यात बारीक बारीक कळा. दोन पेन्सिल सेलवर चालायची. खिशात घालून उसाच्या फडात न्यायची, तिथंच नोंद करायची आणि संध्याकाळी ऑफिसात आणून वायरनं माझ्या कॉम्प्युटरला जोडायची. ती ज्यांच्या खिशात गेली ते आमचे स्लिपबॉय, म्हणजे बॉय नुसते म्हणायला, सगळे चाळिशीचे बाप्ये. पहिले आठ दिवस ते यंत्र पुसण्यातच रमले होते. उद्घाटनाला यंत्रांना झेंडूचे हार घातले होते, ते मी स्वतः बघितलंय.

यंत्रात ऊसतोड कामगारांची यादी होती. यादीत माणसं नव्हती, कोयते होते. तोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि दोघांचा मिळून एक कोयता धरतात. तो तोडतो, ती तोडते, मोळ्या ती बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरायलाही ती असते, आणि कागदावर होतो एक कोयता, एक नंबर, एक नाव. नाव कोणाचं, हे सांगायला नकोच. वह्यांमध्ये हे वर्षानुवर्षं असंच चाललं होतं, पण वहीच्या समासात निदान काही खरडता यायचं. पुण्याच्या यंत्राला समास नव्हता.

माझे आईवडीलही असाच एक कोयता होते. खर्ड्याहून दर वर्षी दसरा झाला की बौद्धवाड्यातली निम्मी घरं बंद व्हायची आणि आम्ही ट्रकात बसायचो. वडिलांचं नाव, भीमराज, दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वहीत चढायचं. आईचं चौदा हंगामांत एकदाही चढलं नाही. मी शिकले, नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि ज्या ऑफिसांच्या बाहेर आई उन्हात बसायची, तसल्याच एका ऑफिसात पंख्याखाली येऊन बसले. त्यामुळं मला राग लवकर येतो. "वृषाली, हा तुझा दोष आहे," असं काकासाहेब म्हणायचे. मला त्यात दोष कधी दिसला नाही.

काकासाहेब म्हणजे आमचे शेतकी अधिकारी. माणूस वाईट नव्हता. फक्त सही करायची वेळ आली की त्यांना पेन सापडायचं नाही.

डिसेंबरात त्या बारांतलं एक यंत्र मेलं. कोणीतरी तीनदा चुकीचा पासवर्ड मारला आणि पडद्यावर 'कंपनीशी संपर्क साधा' एवढं एकच इंग्रजी वाक्य उरलं. काकासाहेबांनी ते कपाटात टाकलं. मी विचारलं, "घेऊ का मी?" तर म्हणाले, "मेलंय ते, घे." हे त्यांचे शब्द. पुढं त्यांना ते आठवेनासे झाले.

यंत्र घेऊन मी रविवारी नगरला गेले, कल्याणकडे. कल्याण माझ्याबरोबर डिप्लोमाला होता आणि आता सावेडीत एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होता. त्यानं सेल काढले, आतलं कंपनीचं कार्ड काढलं, सेल परत घातले आणि म्हणाला, "कंपनीचा प्रोग्रॅम म्हणजे नुसतं वरचं कव्हर आहे. खाली आपलं साधं डॉसच आहे की. हे मेलंबिलं काही नाही, मुकं केलंय."

मग त्यानं एक सीडी दाखवली. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली. तिच्यात ऑफिसच्या कामाचा एक प्रोग्रॅम होता: पत्रं लिहा, तक्ते करा, अर्जाचे नमुने भरा. फुकट होता, पण त्याचं मला काही विशेष वाटलं नाही, कारण तेव्हा सगळेच सगळ्यांचं चोरून वापरायचे. विशेष हे, की त्याच्यासोबत त्याचा सोर्स कोड होता, म्हणजे तो प्रोग्रॅम ज्या ओळींनी बनलाय त्या सगळ्या ओळी. आणि एक पत्र होतं. घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. अट एकच, की तुम्ही बदललेलं दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याच्या ओळीही द्या, त्याला कुलूप घालू नका. मी ते पत्र चारदा वाचलं. कॉम्प्युटरमधलं कोणीतरी पहिल्यांदा माझ्या बाजूनं बोलत होतं. मला अक्षरशः भरून आलं, आणि कल्याणसमोर भरून आलं म्हणून परत रागही आला.

"हा ह्या एवढ्याशा डबीत बसवायचा," मी म्हणाले.

"बसणार नाही. टेबलावरच्या मशीनसाठी आहे तो."

"कापू."

आम्ही दोन महिने कापत होतो. चित्रं काढायची सोय उडवली, रंग उडवले, इंग्रजी शब्द तपासणारा भाग उडवला. एक ओळ काढली की दुसरीकडे तीन ठिकाणी बिघडायचं. मग मराठी अक्षरं. ती तर कुठून आणणार? चौकटीची गणिताची वही घेतली आणि एकेक अक्षर ठिपक्या-ठिपक्यांनी मी स्वतः रंगवलं. मी इकडे, कल्याण तिकडे, म्हणून फ्लॉपी नगरच्या एसटीनं कंडक्टरबरोबर जायची-यायची. एकदा ड्रायव्हरनं ती इंजिनाच्या बॉनेटवर ठेवली आणि वीस दिवसांचं काम पापडासारखं वाकून आलं. कल्याण हसला, मी कंडक्टरशी भांडले. तो बिचारा पुढं फ्लॉपी शर्टाच्या खिशात घालून आणायला लागला.

फेब्रुवारीत एका दुपारी त्या मुक्या डबीच्या पडद्यावर मराठीत उमटलं: नवीन कागद. मी ती घेऊन ऑफिसभर फिरले. कोणाला काही पडलेली नव्हती. काकासाहेब म्हणाले, "छान, छान. ती तोडीची यादी झाली का?"

हे सगळं तोपर्यंत हौसेचंच होतं, खोटं कशाला बोलू. हौसेचं काम त्या सोमवारपासून राहिलं नाही.

सोमवारी दहाच्या सुमाराला खिडकीशी भागिरथीमावशी येऊन उभी राहिली. आमच्या खर्ड्याचीच. रंभाजी मुकादमाच्या टोळीत तिचा एक्केचाळीस नंबरचा कोयता होता. उजव्या हाताला साडीचं फडकं गुंडाळलेलं. मनगटापर्यंत हात टम्म सुजलेला.

"वृषाले, माजं नाव हाय का गं तुझ्या त्या मशीनीत? दवाखान्यात म्हंत्यात यादीत न्हाई."

कारखान्याचा दवाखाना तोडकऱ्यांना होता, पण यादीतल्या कोयत्यांना. यादीत नाव सहादेवचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं. सहादेव आई आजारी म्हणून आठवड्यापूर्वी खर्ड्याला गेला होता. तो गेला म्हणून रंभाजीनं स्लिपबॉयला सांगून एक्केचाळीस नंबर यंत्रात बंद करून टाकला. इकडं बाई जावेबरोबर रोज फडात जात होती, वाकत होती, तोडत होती, तळहात कापला तोही तोडतानाच. तरी यंत्राच्या लेखी ती तिथं नव्हतीच.

मी तिला घेऊन दवाखान्यात गेले आणि कंपाउंडरच्या टेबलावर हात आपटून बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. डॉक्टर आतून बाहेर आले, त्यांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं. म्हणाले, "एक दिवसाआड पट्टी आणि इंजेक्शन, पंधरा दिवस. हयगय केली तर बोटं जातील, कदाचित जास्तही." मग कंपाउंडर मला ऐकू जाईल असा म्हणाला, "आज केलं. बुधवारी शेतकी खात्याच्या सहीची यादी आणा, तिच्यात बाईचं नाव दाखवा. नाहीतर मी फुकट बोलणी का खाऊ?"

तोडकरी बाईचा उजवा हात गेला तर पाठीमागं काय राहतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी पुण्याला कंपनीत फोन लावला. तिकडचा साहेब फार गोड बोलला. एका कोयत्याला एकच नाव, अशीच रचना आहे म्हणाला. दुसरं नाव घालायचं तर प्रोग्रॅम बदलायला लागेल. मग बदला, मी म्हणाले. तर म्हणे, लेखी मागणी पाठवा, पुढच्या हंगामाच्या आवृत्तीत विचार करू.

"तुम्ही मला ओळी द्या, मी बदलते," मी म्हणाले.

तो हसला. "मॅडम, कोड बाहेर देत नसतात. बुधवारी मी येतोच आहे तिकडे, तेव्हा बोलू."

मी फोन ठेवला आणि खणातून माझी डबी काढली. तासाभरात तिच्यात नमुना तयार केला. कोयता नंबर, नवऱ्याचं नाव, मग बाईचं नाव, गाव, वय. कंपनीच्या यंत्रासारखाच क्रम, सवयीनं तोच हाताखाली आला. आणि एक रकाना भरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही, असंही करून ठेवलं, म्हणजे कोणी अर्धवट सोडायला नको. मला वाटलं, काय हुशार मी.

मंगळवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत सायकल काढून मी फडावर गेले. बाप्ये भरलेल्या गाड्यांबरोबर कारखान्यावर गेलेले, बांधावर भाकरी सोडून बसलेल्या नुसत्या बायका. एकोणीस कोयत्यांच्या एकोणीस, आणि तीन अशा, ज्या एकट्याच आल्या होत्या, त्यांना अर्धा कोयता म्हणतात. भागिरथीमावशी डाव्या हातानं उसाचं वाळकं पाचट ओढत होती. मी डबी उघडली, सगळ्या भोवती जमल्या.

पहिली झुंबरबाई. मी विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

झुंबरबाईनं पदर तोंडाला लावला. सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. नवऱ्याचं नाव बाई कशी घेईल? दोन वर्षं खुर्चीवर बसून मी, खर्ड्याची पोर, हे विसरून गेले होते!

"बरं, बनुबाई, तुम्ही सांगा हिच्या मालकाचं नाव."

"आगं बया, ते माजं थोरलं दीर. मी कशी घीन?"

"मग रंगुबाई, तुम्ही?"

"मला सासरा लागतोय त्यो चुलत!"

सगळी टोळी एकाच भावकीची. एकीचा नवरा तो दुसरीचा दीर, तिसरीचा सासरा. बावीस बायका होत्या आणि एकोणीस बाप्यांपैकी एकाचंही नाव उच्चारायला कोणी तयार नाही. आणि माझी हुशार डबी अडून बसलेली, आधी त्याचं नाव द्या, मग पुढं सरकते. रंगुबाईनं सुचवलं, "उखान्यात घिऊ का?" परत हसणं. जेवायची सुट्टी संपत आली होती. मी घामाघूम.

तेव्हा भागिरथीमावशी म्हणाली, "पोरी, तुला नाव आमचं पायजे का त्यांचं?"

"तुमचं."

"मंग आदी त्यांचं कशाला इचारतीस?"

मी तिथंच बांधावर बसले, नमुना उघडला. बाईचं नाव उचलून सगळ्यात वर आणलं. अडवणूक काढून टाकली. नवऱ्याचा रकाना शेवटी ढकलला, वाटलं तर भरा, नाही तर सोडा. पाच मिनिटं लागली. पुण्याला अर्ज नाही, पुढच्या हंगामाची वाट नाही. आयुष्यात मी कुठल्याच यंत्राशी अशी ऐटीत वागले नव्हते.

मग नावं धडाधड आली. झुंबरबाई. बनुबाई. रंगुबाई. काहींना वय ठाऊक नव्हतं, ते अंदाजानं लिहिलं. एकीनं आपलं नाव पडद्यावर बघायला मागितलं, तिला वाचता येत नव्हतं, तरी बघितलं आणि बोट लावून म्हणाली, "हितनं हितवर मी?" मी म्हणाले, व्हय. भागिरथीमावशीच्या ओळीत मी नवऱ्याचा रकाना रिकामाच ठेवला. सहादेव हे नाव मला माहीत होतं, पण तिनं ते सांगितलं नव्हतं. तिनं सांगितलं नाही ते मी कशाला लिहू?

बुधवारी सकाळी यादी छापली, दोन प्रती. काकासाहेबांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा वरखाली केला.

"हे काय? नवऱ्यांचे रकाने सगळे रिकामे?"

"सांगितले नाहीत त्यांनी."

"अशी यादी असते का कुठं? नुसत्या बायकांची?"

"इतकी वर्षं नुसत्या बाप्यांची होती, तेव्हा विचारलं नाही तुम्ही."

ते पेन शोधायला लागले, आणि तेवढ्यात पुण्याचा साहेब आत आला. टाय, ब्रीफकेस, आणि बुटांना आमच्या यार्डातला चिखल. टेबलावरची माझी डबी बघून तो चमकला. त्यानं ती उघडली, कळा दाबल्या आणि आवाज चढवला. आमचं यंत्र फोडलं, आमचा प्रोग्रॅम चोरला, पोलिसांत जाईन. काकासाहेब पांढरेफटक पडले. "मी दिलं नव्हतं हो यंत्र," असंही म्हणून गेले.

मी खालच्या खणातून आमच्या प्रोग्रॅमचे छापलेले कागद काढले. सलग पानं, दोन किलो तरी असतील. त्याच्यापुढं आदळले. "ह्यात तुमची एक ओळ दाखवा. एक. मी स्वतः ठाण्यात येते."

तो वाचायला लागला. खरंच वाचायला लागला, हे त्याच्याबद्दल मान्य करायला पाहिजे. दहा मिनिटं पानं उलटत राहिला. मग त्यानं परत डबी हातात घेतली, माझं एक मराठी पत्र उघडलं, एक तक्ता उघडला. आवाज बदलला.

"हे तुम्ही बसवलंत? एवढ्या मेमरीत?"

"मी आणि कल्याणनं."

त्यानं खुर्ची ओढली. काकासाहेबांना म्हणाला, बाईंनी उत्तम काम केलंय, कंपनी हे स्वीकारेल, सगळ्या यंत्रांत घालेल, सगळ्या कारखान्यांना देईल. मग काकासाहेबांना धीर आला. ते म्हणाले, मी अध्यक्षांशी बोलतो, वृषालीला कायम करून घेऊ. आणि ही यादी, ती तर काय, कंपनीचीच झाली म्हटल्यावर आत्ता सही करतो. पेन लगेच सापडलं.

मला सगळं हवं होतं. नोकरी हवी होती, सही तर हवीच होती. दवाखाना बाराला बंद व्हायचा, आणि भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"घ्या की," मी म्हणाले. "घ्यायला माझी परवानगीसुद्धा लागत नाही. फक्त यंत्रांबरोबर ओळीही द्या. मूळ प्रोग्रॅमबरोबरच्या पत्रात अट आहे तशी."

"ते शक्य नाही. एकदा कंपनीचं झालं की कोड कंपनीत राहील. तुम्ही फक्त तसं लिहून सही करा, आणि तुमच्याकडच्या प्रती पुसून टाका."

"आणि उद्या बायकांनी आणखी एक रकाना मागितला तर?"

"लेखी मागणी पाठवायची."

माझा राग सोपा असतो, येतो आणि बोलून मोकळा होतो. पण हा हात माझा नव्हता. दुसऱ्याच्या बोटांच्या जिवावर मी कसली तत्त्वं पाळू? मी म्हणाले, "अर्ध्या तासात सांगते," यादीची एक प्रत उचलली आणि सायकल मारत फडावर गेले.

भागिरथीमावशीला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हात उराशी धरलेला, चेहरा तापानं लाल. मी म्हणाले, "मावशे, तू म्हणशील तसं. सही केली तर आत्ता तुझी पट्टी होईल."

"म्हंजी माजं नाव तेंच्या कपाटात."

"व्हय."

"आन् किल्ली पुन्याला."

"व्हय."

तिनं शेजारी मोळी बांधणाऱ्या झुंबरबाईकडं मान वळवली. मग म्हणाली, "औंदा माजं बसवत्याल. पुढल्या साली हिच्या पोरीचं बसवायचं म्हनलं तर परत अर्ज. न्हाई गं बाई. हात माजा हाय, मी बघती. तू न्हाई म्हनून सांग तेला."

मी परत येऊन नाही म्हणून सांगितलं. जाताना पुण्याच्या साहेबापुढं एक फ्लॉपी ठेवली, ओळींसकट. "अजूनही घेऊ शकता," म्हणाले. तो हात न लावता उठला. काकासाहेबांनी टेबलावरची यादी फाडली, डबी काढून घेतली आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी म्हणाले, "बरं." बाहेर आले ती तशीच टपाल ऑफिसात गेले आणि आजूबाजूच्या पाच कारखान्यांतल्या ओळखीच्या ऑपरेटरांना फ्लॉप्या पाठवल्या. पुसून टाका म्हणे. पुसा आता.

त्या दिवशी पट्टी झाली नाही.

गुरुवारी उजाडता मी फडावर गेले, भागिरथीमावशीला श्रीगोंद्याच्या सरकारी दवाखान्यात न्यावं म्हणून. बघते तर बावीस बायका मोळ्यांवर बसलेल्या. कोयते जमिनीवर. बाप्ये बाजूला डोकी खाजवत उभे. रंभाजी मुकादम या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरत होता.

"आगं गाड्या उभ्या हायत्या! काय झालंय काय तुमाला?"

झुंबरबाई म्हणाली, "मुकादम, कोयता तुमच्या यादीत हाय न्हवं? मंग सांगा की त्येला तोडायला."

मी कोणाला काही शिकवलं नव्हतं, हे मी देवाशपथ नाही पण आईशपथ सांगते. आदल्या दिवशी संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. शेजारच्या फडातल्या टोळीनं हे बघितलं आणि त्यांच्या बायकाही बसल्या. त्या म्हणायला लागल्या, आमची नावं कधी घेनार? नऊ वाजले, गाड्या रिकाम्या. दहा वाजले. कारखान्यावरून निरोपावर निरोप, गव्हाणीत ऊस कमी पडतोय, गाळप थांबायला आलंय. साडेदहाला जीप आली आणि तिच्यातून काकासाहेब उतरले.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"नावं," भागिरथीमावशी म्हणाली. एवढंच. ती उभी राहिली नाही, तिला उभं राहवत नव्हतं.

"पुढच्या वर्षी करू, मी शब्द देतो."

रंगुबाईनं पान लावायला घेतलं. सहादेवचा धाकटा भाऊ पुढं आला, वहिनीच्या हाताकडं बघितलं आणि काकासाहेबांना म्हणाला, "सायेब, करून टाका. न्हाईतर आमी बी बसतो." आणि तो बसलाच.

माझ्याकडं दुसरी प्रत होती. मी ती जीपच्या बॉनेटवर पसरली आणि स्वतःचं पेन टोपण काढून पुढं केलं. काकासाहेब माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग होता आणि थोडी लाजही होती, असं मला अजूनही वाटतं. त्यांनी सही केली, तारीख घातली, शिक्का जीपमध्येच होता तो मारला. वर म्हणाले, "तुला परत घेणार नाही मी."

"नका घेऊ," मी म्हणाले.

जीपमधून मी भागिरथीमावशीला दवाखान्यात नेलं, काकासाहेबांना ड्रायव्हरशेजारी बसवून. यादी कंपाउंडरच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, बसा, नंबर येईल. मावशी बाकावर बसली. तिला इतका ताप होता की शेजारी बसलेल्या मला तिच्या अंगाची धग लागत होती.

थोड्या वेळानं कंपाउंडरनं दारातून हाक मारली, "कोयता एक्केचाळीस!"

मी उठले. मावशी उठली नाही.

"मावशे, चल."

ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली. कंपाउंडर परत ओरडला, "एक्केचाळीस! कोण आहे?" तिचे ओठ कोरडे पडले होते, आणि तरी ती बाकाला खिळल्यासारखी बसून होती. मला रडू यायला लागलं. "अगं, ऊठ ना," मी तिच्या कानात म्हणाले, "डॉक्टर निघून जातील." तिनं माझा हात बाजूला केला.

कंपाउंडर वैतागून टेबलाशी गेला. यादी उचलली, ओळीवर बोट फिरवलं, एक्केचाळीसवर थांबला.

"भागिरथी," त्यानं वाचलं. मग कागद उलटा करून मागं बघितलं, परत सुलटा केला. "पुढं काय? मालकाचं नाव नाही, आडनाव नाही?"

"तेवढंच हाय," ती म्हणाली आणि उठली.